डावा हात

रविवारी सव्वासातला मी फाटकाशी असते,
मंगळवार पेठेतल्या शाळेच्या, जिथं कडी कधी नीट बसत नाही.
एक बाकडं, एक वही, एक पत्र्याची पेटी.
आत सरांची शिट्टी, गोल धरलेली कबची पोरं,
झेंड्याची दोरी कप्पीत अडकलेली, नेहमीसारखी.

नवीन माणसं लगेच ओळखू येतात.
मोटारसायकल बंद करत नाहीत.
पोराला उतरवतात, एक पाय जमिनीवर टेकवून विचारतात,
"फी किती? सुटतंय कधी?"
आणि खरं विचारायचं ते हँडलवरच राहतं.

मी म्हणते, आधी गाडी बंद करा. चहा येतोय.

गणवेश आज नको. दुकानात पळू नका.
महिनाभर बघू, पोरगं रमतंय का.
पेटीत शर्ट आहेत, उंची वाढलेल्यांचे,
एकाच्या खिशात अजून बोरकुटाचा वास आहे.
गळपट्टीच्या कोपऱ्यात शाईनं नावं:
अ. मगदूम, त्याखाली सानिया शि.,
त्याखाली धुऊन धुऊन गेलेलं कुणीतरी.
खोडायचं नाही. खाली लिहायचं.

"तालमीसारखंच का हे?" एका बापानं विचारलं.
जवळपास तसंच, म्हटलं,
फक्त इथं कुणाला पाडायचं नसतंय.
तो जरा नाराजच झाला.

अडचण होते ती डाव्या हाताची.
इथं हस्तांदोलन डाव्यानं, असं म्हटलं की
आया नकळत पदराला हात पुसतात.
तौहीदच्या आजीनं तर हात मागंच घेतला:
"डावा? लेकराला डावा द्यायला शिकवताय?"
डावा म्हणजे हृदयाजवळचा वगैरे मी सांगत नाही.
मी सांगते, उजवा मोकळा राहतो, कामाला.
हे पटतं. तिनं दिला. मऊ होता, मेंदीचा.

सगळेच राहत नाहीत.
रंकाळ्यामागून यायचा निरंजन, बोलताना अडखळणारा,
दोन रविवार आला. वचन म्हणताना
तिसऱ्या शब्दावर थांबला, आणि पोरं हसली.
वहीत त्याच्यापुढं दोन टिका, मग रिकामे चौकोन.
मी फोन केला नाही.
वाटलं, कामात असतील.
आता शनिवारी संध्याकाळी सगळ्यांना करते,
उचलत नाहीत त्यांनाही.

माझं सांगायचं तर, बारा वर्षांमागं
मी चार रविवार ह्याच फाटकाबाहेर उभी होते.
आत यायला कुणी नको म्हटलं नव्हतं.
या असंही कुणी म्हटलं नव्हतं.
मुलगा आता पुण्यात असतो, गाठी विसरला असेल.
मी मात्र बाकडं धरून बसले.

गेल्या महिन्यात दत्तू चिले आला,
कारखान्याला उसाची ट्रॉली ओढणारा,
लेक अनुष्का गाईडमध्ये घालायची म्हणून.
तीन आठवडे भिंतीबाहेर तंबाखू मळत राहिला.
"आम्हाला काय कळतंय मॅडम त्यातलं."
चौथ्या रविवारी वारा सुटला आणि तंबू फडफडून बसला,
सरांची गाठ पुस्तकातल्यासारखी सुंदर सुटली.
चिले भिंतीवरून उडी मारून आत आला,
तोंडातली तंबाखू थुंकून, दोरी दाताखाली धरून,
गुडघा लावून असा काही पीळ दिला
की पोरं गप्प झाली.

सर वही काढून उभे: "हिला काय म्हणतात?"
"नाव न्हाय. सुटत न्हाय, बास."

अनुष्का कुणाकडं बघत नव्हती.
पण तिनं ती गाठ पाच वेळा सोडवून बघितली,
आणि सहाव्यांदा मारून बघितली.

काल परत फाटकाशी एक गाडी,
इंजिन चालू, मागं चष्म्यातलं पोरगं, बाप घड्याळ बघतोय.
मी वही उघडेपर्यंत चिलेच पुढं झाला.
काही विचारलं नाही, सांगितलं नाही.
त्या माणसाच्या गाडीची चावी फिरवली,
आणि आवाज थांबल्यावर म्हणाला,
"चहा हाय."